बस्त्यावचा मासा

किस्से खिशात वाळू साठावी तसे साठतात. कधी शिरली कळत नाही, झटकली तरी राहतेच. चार मित्र जमले की "सर, पेंग्विनचं सांगा" सुरू होतं. त्यातलं खरं किती आणि मला वाटलेलं किती, हे आता मलाही नक्की सांगता येत नाही. पुण्यात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर दुबई मरीनाला मुलाकडे आलो आणि इथल्या एका बर्फघरात पाहुण्यांना माहिती सांगू लागलो. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते. तेव्हा माझी साक्ष जरा जपूनच घ्या!

*

आमच्याकडे दोन जाती, किंग आणि जेंटू. किंग उंच, मानेशी नारिंगी; घरटं बांधत नाही, अंडं पायांवरच सांभाळतो. जेंटू बुटका, डोक्यावर पांढरा पट्टा. खड्यांचं घरटं रचतो आणि शेजाऱ्याचे खडे चोरतो.

त्यांना भरवणारा मेल्विन वसईचा, राहतो शेजारच्या स्वस्त अजमानला, सहाजणांच्या खोलीत. माझं लेक्चर त्यानं एका दमात संपवलं. "सर, किंग म्हणजे तुम्ही मरीनावाले. जेंटू म्हणजे आम्ही शेअरिंगवाले. बेडवरून उठला की बेड गेला!"

*

एकदा एका बाईंनी विचारलं, "आफ्रिकेतले पेंग्विन उन्हात राहतात ना? मग यांनाही बाहेर सोडा की!"

मी म्हटलं, "त्यांची जात वेगळी. डोळ्यांवर उघडी गुलाबी कातडी असते, तिथून उष्णता निघून जाते. यांना इथलं ऊन सोसणार नाही."

"बाहेर वाळवंट आहे, हे यांना माहीत आहे?"

मी हसत मागे वळलो. सगळे किंग एका भिंतीकडे तोंड करून उभे होते. भिंतीपलीकडे पार्किंग, त्यापलीकडे नुसती वाळू.

"रोज असेच उभे राहतात, सर," मेल्विन हळूच म्हणाला. "विचारू नका."

*

सगळ्यात म्हातारा किंग बस्त्याव. नाव मेल्विनच्या काकाचं. भरवण्याची पद्धत अशी: एकेकाला नावानं हाक मारायची आणि मासा हातानं द्यायचा. माशाच्या कल्ल्यात व्हिटॅमिनची लाल गोळी दडवलेली. पहिला मान बस्त्यावचा. तो मासा गिळायचा आणि मान झटकून गोळी नेमकी मेल्विनच्या बुटावर थुंकायचा!

"काका पण असाच," मेल्विन म्हणायचा. "जेवण पाहिजे, औषध नको."

*

बस्त्याव झोपेतच गेला. त्याची जोडीदारीण रोझी खाईना. पिसं बदलताना पेंग्विन उपाशी राहतात, पण तिची तर नुकतीच बदलून झाली होती. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत बघू. मग नळीनं भरवावं लागेल, आणि या वयात तिला ते झेपेल असं नाही."

मला वाटलं, विद्या कधी कामाला येणार? जेंटूला जोडीदार शोधायला घरट्याची जागा तरी असते. किंग एकमेकांना ओळखतात ते फक्त हाकेवरून. माझ्या फोनमध्ये बस्त्यावची रेकॉर्ड केलेली हाक होती. ती लावली. रोझीनं वळूनही पाहिलं नाही.

सोबत आलेली नात म्हणाली, "आजोबा, शी नोज इट्स अ फोन."

मी खजील होऊन फोन बंद केला. तेव्हा रोझी त्या भिंतीकडे गेली, मान उंचावून ओरडली आणि थांबली. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढीच थांबली. मग मान लववून पुन्हा ओरडली.

खराटा आला तरी जागा न सोडणारे जेंटू खडे टाकून पलीकडच्या टोकाला जाऊन दाटले. मेल्विननं छातीवर क्रूस काढला. "यल्ला सर, चला आता."

*

दुसऱ्या सकाळी भरवायची वेळ. डॉक्टर नळी घेऊन निघाले होते. मी आत, दाराशी उभा. मेल्विननं मासा उचलला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बस्त्याव, ये!" हात रोझीच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे गेलासुद्धा.

त्याचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून म्हणाला, "सॉरी सर. सवय."

मी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला. त्याचा हात तसाच पुढे होता. रिकामा.

"निसटला असेल," मी म्हणालो.

"मग खाली पाहिजे ना, सर?"

खाली स्वच्छ बर्फ. जेंटू अजून पलीकडच्या टोकालाच. बाकीच्या किंगच्या चोची मिटलेल्या.

रोझीनं मान लांब केली. मेल्विननं दुसरा मासा दिला. तिनं तो घेतला. मग तिसरा.

"खाल्लं! मेल्विन, खाल्लं तिनं!" मी ओरडलो.

मेल्विन आपल्या बुटाकडे बघत होता. बुटावर लाल गोळी होती. ओली.