पांढऱ्या गोळ्यांची आखाजी

आमच्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीच्या दोन काठांवर दोन गावं उभी राहायची आणि एकमेकांना मनसोक्त शिव्या घालत दगड हाणायची. डोकं फुटलं तरी तक्रार नाही. हळद दाबायची आणि पुन्हा काठावर यायचं. मी ओरडायला सगळ्यांच्या पुढे आणि मार खायच्या वेळी सगळ्यांच्या मागे.

खरा गोफणवाला आमचा थोरला भाऊ. तो भुसावळला इंजिनांच्या शेडमध्ये लागला होता. बॉयलरवर उष्णता धरून ठेवायला ॲस्बेस्टॉसचा पांढरा लेप असायचा. जुना लेप हातोड्याने फोडून काढायचा, हे त्याचं काम. घरी आला की खोकत राही. आई काळजीत पडली की तोच म्हणे, "धूळ शे, गूळ खादा की उतरी जास." शेडमध्ये सगळेच गूळ खात.

एका आखाजीला तो त्या लेपाच्या चुऱ्याचं पोतं घेऊन आमच्या दोंडाईच्या स्टेशनवर उतरला. आईची चूल लिंपायला. आगीला तो चुरा दाद देत नाही म्हणे. आदल्या वर्षी पलीकडच्या एकाचा डोळा गेला होता, म्हणून आईने आम्हा दोघांना दगडाला हात न लावायची शपथ घातली होती. माझ्या सुपीक डोक्याने तोड काढली. चुरा भिजवून मी लाडवाएवढे गोळे वळले आणि उन्हात वरवर सुकवले. शपथही मोडत नाही आणि कुणाचा डोळाही जात नाही! मी स्वतःवर भलताच खूश होतो.

पलीकडून दगड आले. आमच्या एकाचा दात पडला, एकाचं कपाळ फुटलं. भाऊने गोफण गरगरवली. पहिला गोळा त्यांच्या म्होरक्याच्या तोंडावर फुटला आणि पांढरा धुरळा उडाला. मग दुसरा, तिसरा. त्यांना वाटलं, आम्ही डोळ्यांत चुना मारतोय, आणि चुना म्हणजे खेळाबाहेरचं पाप. काठ्या घेऊन अख्खा काठ कोरड्या पात्रातून आमच्यावर धावला.

पळण्यात मी निष्णात. तरी एक काठी पाठीत बसली, एक नडगीवर. बाभळीआड पोचून मागे पाहिलं, तर भाऊ वाळूत बसला होता, तोंड उघडं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. त्याच्यावर काठ्या उगारलेल्या, पण खाली येईनात.

"कोनी मारं रे याले?" पांढऱ्या तोंडाचा म्होरक्या ओरडला.

"कोनीच नही, आबा. हाऊ आपोआपच खाले बसना."

त्याच काठ्यांवर घोंगडी टाकून त्यांनी त्याला घरी आणलं. आईने त्याचा सदरा टराटरा फाडला आणि जखम शोधत बसली. पाठीवर, छातीवर, केसांत. सापडेना. धुळ्याच्या डॉक्टरने नंतर सांगितलं, धूळ छातीत रुतली आहे. गुळाने काय, कशानेच निघायची नाही.

पुढे आखाजीला भाऊ काठावर बसून नुसत्या शिव्या द्यायचा. शिवी मध्येच अडकायची. पलीकडचे दगड उगारून थांबत, शिवी पुरी होऊ देत, मगच हात सोडत. आणि एका वर्षी त्याच्याने अर्धीही निघेना. पलीकडे एकेकाने हातातला दगड खाली टाकला.

तेव्हा आई मला कोपराने ढकलून पुढे गेली. धोंडा उचलला आणि नेमका म्होरक्याच्या गुडघ्यावर घातला.

"काय दखतस रे? मारा! मना पोऱ्या अजून जित्ता शे!"

मग दगड आले.