ताईचा तक्ता आणि जाणकार

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा ओढलेली एक अरुंद खोली आहे आणि त्या खोलीत आमचा हा गृहस्थ गेली अठरा वर्षं लोकांचे डोळे तपासतो. समोर अक्षरांची पाटी, गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम आणि याच्या हातात भिंगं. एक घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं. "आता बरं दिसतंय, की आता?" गिऱ्हाईक म्हणतं, दोन्ही सारखीच वाटतायत. तेवढ्यावर याचा पारा चढतो. "सारखी कशी असतील? नीट बघा. पहिलं, की दुसरं?" माणूस घाबरून "दुसरं" म्हणतो आणि आठ मिनिटांत त्याचा नंबर ठरतो. निर्णय असा झटपट घ्यावा, असं याचं ठाम मत आहे. अर्थात दुसऱ्यांनी.

दुपारी दोन ते चार दुकानात कोणी फिरकत नाही. तेव्हा हा गल्ल्यामागच्या संगणकावर बसतो आणि डोळे तपासणाऱ्याचा 'जाणकार' होतो. हे नाव त्याला कोणी दिलेलं नाही, इंटरनेटवरच्या एका चर्चामंचावर त्याने ते स्वतःच घेतलं आहे. त्या मंचावर 'सुचवा' नावाचा एक विभाग आहे. जुन्या लॅपटॉपवर चालेल असा गेम सुचवा, फोटो नीट लावून ठेवणारं सॉफ्टवेअर सुचवा, प्रोग्रामिंग शिकायचंय, सुरुवात कशाने करू ते सुचवा. दिवसभर लोक विचारत असतात आणि दिवसभर लोक सांगत असतात. सांगणाऱ्यांत जाणकाराचा हात धरणारा कोणी नाही. चार हजारांवर उत्तरं त्याच्या नावावर आहेत आणि त्यातली निम्मी 'अवलंबून आहे' या शब्दांनी सुरू होतात.

आता या अधिकारामागे अनुभव किती, हे विचारू नये, पण आपण विचारू. सवलतीत घेतलेले दोनशे ऐंशी गेम त्याच्या संगणकावर आहेत. त्यातले अकरा त्याने उघडले आणि एक पुरा केला. तोही चाळीस मिनिटांत आपला आपण संपला म्हणून. प्रोग्रामिंगचे तीन अभ्यासक्रम त्याने घेतले आणि तिन्ही चौथ्या धड्यावर सोडले. टिपणं ठेवण्याची सॉफ्टवेअरं सात वेळा बदलली आणि प्रत्येकात पहिलं आणि शेवटचं टिपण एकच आहे: आधीचं का सोडलं त्याची कारणं. न खेळलेल्या गेमची तो अशी काही तारीफ करतो की ज्यांनी तो खेळलाय त्यांना वाटावं, आपल्याला हे कसं दिसलं नाही.

हे सगळं तसं निरुपद्रवी होतं. कोणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते ताईचं.

ताई त्याची थोरली बहीण, त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं आणि आज त्याच्या एक्केचाळिसाव्या वर्षीही ती त्याला बाळ्याच म्हणते. लग्न केलं नाही, भावाच्या घरातच राहते. एका मध्यम इस्पितळात ती सगळ्यात जुनी नर्स. पंचवीस वर्षं वॉर्डात उभं राहून तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले, तेव्हा मेट्रनने तिला टेबलाचं काम दिलं. सव्वीस नर्सांच्या ड्यूटीचा तक्ता करायचा: कोणाला सकाळ, कोणाला दुपार, कोणाला रात्र, कोणाला कधी सुट्टी. नऊ वर्षं ताई हा तक्ता पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन करत होती. कोणाच्या सासूचं ऑपरेशन आहे, कोणाचं पोर अंगावर पितंय, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं तिच्या डोक्यात. कुरकुर म्हणून कधी आली नाही.

मग इस्पितळात नवे प्रशासक आले. त्यांनी पेन्सिल बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. पाच आठवड्यांनी, पहिल्या तारखेपासून तक्ता संगणकावर हवा. ज्याला जमेल त्याने टेबल घ्यावं, नाहीतर स्वागतकक्षातली नवी मुलगी आहेच. आणि ताईने परत वॉर्डात जावं. वॉर्डात म्हणजे रात्रपाळीला, कारण जागा तिथेच रिकाम्या.

ताईने त्याच संध्याकाळी भावाला गाठलं. "बाळ्या, मला एक सांग. एकच सांग. हे कशात करू?"

त्याच्या चेहऱ्यावर काय तेज आलं म्हणून सांगू. इतकी वर्षं अनोळखी लोक विचारत होते, घरातलं कोणी विचारत नव्हतं. तो खुर्चीत ताठ बसला. "ताई, तू योग्य माणसाकडे आलीस."

"दुकानातला माल तू त्या चौकटीचौकटींच्या फाईलमध्ये लिहितोस ना? तसल्यात नाही का जमणार?"

"स्प्रेडशीट?" तो हसला. लहान मुलाने काहीतरी बोलावं आणि मोठ्यांनी हसावं तसा. "अगं, ते काय सॉफ्टवेअर आहे? उद्या दोघींनी एकदम रजा टाकली, तर ती फाईल तुला काय सांगणार आहे?"

"तिने कशाला सांगायचं? मी तिसरीला फोन करते."

"हेच. हेच आपल्याला बदलायचंय," जाणकार म्हणाले.

पहिल्या आठवड्यात त्याने ताईला प्रश्नावली दिली. एकतीस प्रश्न. गरज समजून घेतल्याशिवाय शिफारस करायची नाही, हे त्याचं तत्त्व. ताईने बिचारीने पेशंटांच्या तापाच्या नोंदींच्या जुन्या कागदांच्या पाठीवर सगळी उत्तरं लिहून आणली. चौदावा प्रश्न होता, वापरणाऱ्याला पडद्याची पार्श्वभूमी अंधारी आवडते की उजळ. ताईने लिहिलं होतं, 'उजेड असावा. लाईट गेल्यास टॉर्च आहे.'

दुसऱ्या आठवड्यात त्याने चौदा सॉफ्टवेअरांची तुलना मांडली, बावीस निकषांवर. एकही पसंत पडलं नाही. त्यातलं एक चांगलं होतं, फुकटही होतं, पण ते पंचवीस माणसांपर्यंतच चालायचं आणि नर्स होत्या सव्वीस. ताई म्हणाली, एक बाळंतपणाच्या रजेवर आहे, सहा महिने यायची नाही. "पण परत येईल ना?" तो म्हणाला आणि त्याने त्या सॉफ्टवेअरवर काट मारली.

तिसऱ्या आठवड्यात त्याने जाहीर केलं की बाजारात काही दम नाही, आपणच बनवू. ताई हबकली. तिला वाटलं, एवढं घरबसल्या बनवता येतं, म्हणजे आपण समजतो त्यापेक्षाही आपला भाऊ मोठा दिसतो. त्याने मंचावर प्रश्न टाकला: इस्पितळाच्या ड्यूटीचा तक्ता बनवायचाय, कोणती भाषा घेऊ? दोनशे बारा उत्तरं आली. पहिलं उत्तर एका नवख्याचं होतं: 'स्प्रेडशीटमध्ये करा की, अर्ध्या तासात होईल.' जाणकाराने त्याला चार परिच्छेदांत झापलं. बाकीच्या दोनशे अकरांत भाषांवरून अशी जुंपली की तक्ता कोणाचा, नर्स कोणत्या, सगळे विसरले. 'तिरसट' नावाने लिहिणारा त्याचा एक जुना वैरी म्हणाला, ज्याला भाषा विचारावी लागते त्याने प्रोग्राम लिहू नये. यावर उत्तर देण्यात जाणकाराच्या तीन दुपारी गेल्या. दोन गिऱ्हाइकांना त्याने नंतर या म्हणून परत पाठवलं.

इकडे इस्पितळात काय चाललं होतं, हे त्याला नंतर बायकोकडून कळलं. ती स्वागतकक्षातली मुलगी मनाने चांगली होती. जेवणाच्या सुट्टीत ती ताईकडे येऊन म्हणाली, "सिस्टर, रोज पंधरा मिनिटं बसा माझ्याजवळ. मी शिकवते, अवघड नाहीये. टेबल तुमचंच राहू दे." आणि ताईने मान हलवून नको म्हटलं. "तू कशाला त्रास घेतेस? माझा भाऊ यातलाच आहे. जग त्याला विचारून कामं करतं." मेट्रनलाही तिने हेच सांगितलं. इतकं कौतुक त्याचं त्याच्या हयातीत कोणी केलं नव्हतं आणि ते करणाऱ्या बाईने त्यापायी मदतीची वाट स्वतःच बंद करून घेतली होती.

चौथा आठवडा त्याने प्रोग्राम कशात लिहायचा ते ठरवण्यात घालवला. मग लिहिताना अक्षरं कुठल्या वळणाची दिसावीत, ते. मग प्रोग्रामचं नाव, मग त्याचं चिन्ह. रविवारी सकाळी त्याने ताईला हाक मारून पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर एक निळं वर्तुळ गरागरा फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं, 'कृपया थांबा.'

ताईने बराच वेळ कौतुकाने बघितलं. "छान फिरतंय रे. नावं कुठे भरायची?"

"तो पुढचा टप्पा."

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. तिची जीभ तशी धारदार आहे, पण त्या दिवशी ती हळूच बोलली. "अहो, सहा दिवस राहिलेत. ताईंना काहीतरी हातात द्या. कसलंही द्या."

"कसलंही देऊन कसं चालेल?" त्याला खरंच राग आला. "उद्या ते कमी पडलं तर नाव कोणाचं जाईल?"

बघा, खरं काय ते तोंडातून असं निघून जातं. चुकीचं सुचवलं, असं कोणी म्हणू नये, यासाठी हा माणूस गेली कित्येक वर्षं काहीच सुचवत नव्हता. दुसऱ्यांना पाच-पाच नावं फेकायची, त्यातलं एक त्यांनी उचललं आणि फसले तर बाकीची चार दाखवायला मोकळा. ताईने एकच मागितलं होतं. तिथेच सगळं घोडं अडलं.

महिन्याच्या अखेरच्या दिवशी ताई साडी नेसून, पर्स घेऊन दारात थांबली. त्याने तिला नऊ पानं छापून दिली. चौदा सॉफ्टवेअरांची तुलना, रंगीत, टाचणी मारून. ताईने पानं चाळली.

"यातलं कुठलं घेऊ म्हणून सांगू साहेबांना?"

त्याने तोंड उघडलं. चौदा नावं डोळ्यांपुढे उभी राहिली आणि प्रत्येकातली खोट त्याला तोंडपाठ होती. "अवलंबून आहे," तो म्हणाला.

"कशावर?"

यावर तो वीस मिनिटं बोलला असता, पण ताईची बस होती. तिने पानं नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. "खूप मेहनत घेतलीस," म्हणाली. आणि ती ते मनापासून म्हणाली, हेच तर वाईट.

प्रशासकांनी पानं उलटीपालटी केली आणि विचारलं, "सिस्टर, मग यातलं कुठलं?" ताई पानं पुन्हा पहिल्यापासून चाळू लागली. त्यांनी स्वागतकक्षात फोन लावला.

त्या आठवड्यात जाणकाराने मंचावर एक लांबलचक लेख टाकला: 'ड्यूटीच्या तक्त्याचं सॉफ्टवेअर निवडताना मी काय शिकलो.' सहाशे जणांना तो आवडला. तिरसटसुद्धा म्हणाला की तुलना झकास आहे. कोणीतरी विचारलं, मग शेवटी तुमच्या ताईंनी काय घेतलं? तेवढ्या एका प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही. पण बाकीच्या प्रतिक्रिया वाचून तो खुशीत घरी आला, शीळ घालत.

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. ताई पलंगाच्या कडेला बसून गुडघ्याला पट्टा बांधत होती. तिचा डबा भरून बायको तिथेच उभी होती. टेबलावर नवा तक्ता पडला होता, छापलेला, त्या मुलीने केलेला. त्याने तो उचलला. रेघा सरळ होत्या. पाळ्यांना तीन वेगवेगळे रंग दिले होते, रविवारचे रकाने जरा गडद. सव्वीस नावं, एका पानात बसलेली. काम नेटकं होतं.

"कशात केलाय हा?" तो म्हणाला.

बायकोने डबा टेबलावर ठेवला आणि ती आत निघून गेली. ताईने पट्टा ओढून घट्ट केला.

"ते काही मला कळत नाही, बाळ्या. माझा चष्मा आत राहिलाय, एवढं बारीक दिसत नाही, तेवढी माझी ओळ वाचून दाखव. मला लिहून घ्यायचीय."

त्याने तिचं नाव शोधलं. ते सगळ्यात वर होतं, ज्येष्ठतेप्रमाणे. "सोमवार रात्र," तो वाचू लागला. "मंगळवार रात्र. बुधवार रात्र." मग त्याचा आवाज बारीक झाला. "गुरुवारी सुट्टी. शुक्रवार रात्र."

ताई वहीत लिहीत होती. "पुढे?"

"पुढे सगळं तेच आहे, ताई."

"तरी वाच," ती म्हणाली. "तारखा लागतात मला."