रमण्याकाठचा कोंडवाडा

लग्न होऊन मी ताडकळसहून या गावात आले, तेव्हा आमचं घर वस्तीच्या अगदी शेवटी होतं. घरापुढं कोंडवाडा आणि कोंडवाड्यापुढं थेट गंगेपर्यंत पसरलेलं गवताचं रान. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. त्या रानाला म्हातारी माणसं रमणा म्हणायची, कचेरीत गायरान म्हणायचे. निजामाच्या काळात तिथलं गवत घोड्यांसाठी राखून ठेवलेलं असे. घोडे गेले, मग रमणा गावच्या गुरांचा झाला. उन्हाळ्यात काठच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लागायच्या, पोळ्याच्या आधी बैलबाजार भरायचा.

हे सगळं मला सासऱ्यांनी सांगितलेलं. त्यांना मी मामा म्हणायची. ते कोंडवाड्याचे राखणदार होते. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की पीकवाला ते हाकून आणायचा, मामा आत घ्यायचे. मालकानं येऊन ‘हे माझं जनावर आहे’ असं तोंडानं सांगायचं, दंड भरायचा आणि घेऊन जायचं. नवरा गंगाखेडला कारखान्यात होता, हंगामात त्याचं येणं क्वचितच. घरात मी, मामा, सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि एक म्हैस.

नामांतरावरून मराठवाड्यात घरं जळाली, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमच्या गावात काही जळालं नव्हतं, पण माणसं एकमेकांकडं बघायची थांबली होती. बौद्ध वस्तीतल्या बाया दळण घेऊन गेल्या की गिरणीवाला म्हणायचा, पट्टा तुटलाय. त्या वळल्या की गिरणी सुरू व्हायची. मी स्वतः दोनदा ऐकलं आणि माझं पीठ घेऊन गुपचूप घरी आले.

त्याच वस्तीतल्या काही घरांनी रमण्याची वरची, खडकाळ पट्टी नांगरली आणि तिथं ज्वारी पेरली. त्यांच्याकडं जमिनीचा तुकडाही नव्हता. आजूबाजूच्या गावांतही असं चाललं होतं. गावात एकच बोलणं सुरू झालं, गुरांनी चरायचं कुठं? प्रश्न खोटा नव्हता. वर धरण झाल्यापासून काठचं गवत विरळ झालं होतं. पण रमण्याची खालची, काळ्या मातीची बाजू मोठ्या शेतकऱ्यांनी आपापल्या बांधात कधीच ओढून घेतली होती. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

ज्वारी निसवली, दाणे भरायला लागले. एका संध्याकाळी चार जण घरी आले. त्यांच्यात ऊसवाले एक मोठे शेतकरी होते, गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी चहा घेतला नाही.

“उद्या परभणीला जाऊन ये,” ते मामांना म्हणाले. “लेकीकडं जा. कोंडवाड्याला कुलूप लावून चावी संगं ने.”

मामा म्हणाले, “काय काम काढलंय?”

“काम आमचं हाय. तू फक्त इथं नसावा.”

ते गेल्यावर आत्याबाईंनी पिशवी भरायला घेतली. धोतर, टॉवेल, नातवंडांसाठी शेंगदाण्याचे लाडू. मामा भिंतीला टेकून बसून होते.

“जा बरं गुमान,” आत्याबाई म्हणाल्या. “पोरगं बाहेरगावी हाय. घरात दोघी बाया. कशाला वाकड्यात शिरायलाव?”

सकाळी मामा पिशवी घेऊन यष्टी स्टँडवर गेले. मी शेण गोळा करत होते. तासाभरानं ते परत येताना दिसले. पिशवी तशीच हातात. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“गाडीत जागा न्हवती,” ते म्हणाले.

परभणीच्या गाडीत त्या वेळेला जागा नसते असं मी कधी ऐकलं नव्हतं. पण विचारायला वेळच मिळाला नाही. रमण्याच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला आणि वरच्या पट्टीवर धूळ उठली. गावची सगळी गुरं एकदम उभ्या ज्वारीत घातली होती. आमची म्हैस रोज गुराख्याबरोबर जायची, त्या दिवशीही गेली होती. ज्वारीची ताटं मोडल्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता. बाया ओरडत होत्या, मधूनच कुणी पुरुष शिवी हासडत होता. मला वाटलं, आता कोयते निघतील, आता धूर दिसेल. आत्याबाईंनी दार लावून घेतलं आणि मला आत ओढलं.

धूर निघाला नाही. थोड्या वेळानं आवाज जवळ यायला लागला. मी फटीतून पाहिलं. वस्तीतली माणसं गुरं हाकत कोंडवाड्याकडं येत होती. पुढं बाया होत्या, हातात ज्वारीची मोडलेली ताटं. जनावराच्या पाठीला ताट नुसतं लावत होत्या, मारत नव्हत्या. सगळ्यांत पुढं एक उंच, काळीसावळी बाई. ती आमच्या शेतात कधी खुरपायला यायची. आणि तिच्या पुढं आमची म्हैस, घराची वाट ओळखून ताडताड चालत. मागून गावातले लोक काठ्या घेऊन धावत येत होते.

मामा कोंडवाड्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. मी दार उघडून बाहेर आले. आत्याबाई मागून हाका मारत होत्या.

“जनावरं पिकात शिरली,” ती बाई म्हणाली. दम लागला होता, पण आवाज स्वच्छ होता. “आत घ्या.”

ऊसवाले पुढं आले. “पीक कुणाचं? ते गायरान हाय. फाटक उघडू नको.”

मामांनी चावी काढली. ती कुलपात घातली. ते कुणाकडंच न बघता बोलले, “माझीच म्हैस पुढं हाय, मालक. घरच्या जनावराला आत घेतल्यावर मागच्याला बाहेर कसं ठिवू?”

“बघ, तुला याच गावात राहायचंय.”

“व्हय, राहायचंय,” मामा म्हणाले, आणि फाटक उघडलं.

गुरं आत शिरली. मावेनात इतकी झाली. ऊसवाल्यांची लाल कंधारी बैलांची जोडीही त्यांत होती. मामांनी फाटक ओढलं, कुलूप लावलं आणि दगडावर बसले. एका बाजूला वस्तीतली माणसं बसली, दुसऱ्या बाजूला गाव उभं राहिलं. मध्ये मी आडावरून पाणी शेंदून हौदात ओतत होते, कारण जनावरं तहानली होती आणि दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं. एका वेळेला शेजारी दुसरी घागर लागली. ती उंच बाईच होती. आम्ही आळीपाळीनं पाणी ओतत राहिलो.

दुपारी पोलिसांची जीप आली. फौजदारानं दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ज्याचं जनावर असंल त्यानं सांगावं, दंड भरावा, घेऊन जावं.”

कुणी पुढं येईना. माझं जनावर म्हणावं तर ते ज्वारीत गेलं होतं हे कबूल होत होतं, ज्वारी त्या लोकांची होती हेही कबूल होत होतं. उन्हं कलली तरी सगळे तसेच उभे. आत गायी हंबरत होत्या, कासा ताठरल्या होत्या. गावातून वासरांचं ओरडणं ऐकू येत होतं. माणसं काठ्या सारख्या या हातातून त्या हातात घेत होती. कुणी एकानं पहिला दगड उचलला असता तर पुढचं थांबवायला तो फौजदार आणि त्याचे दोन शिपाई पुरे पडले नसते.

तेवढ्यात आत्याबाई घरातून बाहेर आल्या. पदर डोक्यावर ओढून त्या सरळ फौजदारापुढं गेल्या.

“ती कपाळाला पांढरा टिळा असलेली म्हैस माझी,” त्या म्हणाल्या. “ज्वारीत गेली होती. घ्या दंड अन् सोडा. दूध काढायचंय.”

मामांनी फाटक किलकिलं केलं. आत्याबाईंनी नवऱ्याकडं न बघता म्हैस बाहेर काढली आणि घेऊन गेल्या.

मग गर्दीच्या मागून एक म्हातारी आली. मग दोन सुना. घरी वासरं ओरडत होती, आणि धारा काढायच्या त्या बायांनाच. एकेक जण पुढं यायची, खाली बघून म्हणायची, ती गाय माझी, पिकात गेली होती. पुरुष बाजूला सरत गेले. दिवेलागणीपर्यंत कोंडवाड्यात ती कंधारी जोडी तेवढी उरली. ती दुसऱ्या दिवशी ऊसवाल्यांचा सालगडी येऊन घेऊन गेला.

पुढचे महिने वाईट गेले. आमच्या कडब्याची गंजी कुणीतरी पेटवली. दुधाची गिऱ्हाइकं तुटली. पावसाळ्याच्या आत मामांचं कोंडवाड्याचं काम काढून घेतलं. आत्याबाई कधी म्हणाल्या नाहीत की तुम्ही बरोबर केलं. भांडण झालं की म्हणायच्या, “गाडीत जागा न्हवती म्हणं.” मामा उठून बाहेर जायचे.

अर्धी ज्वारी वाचली होती. कापणीच्या दिवसांत ती उंच बाई मला गंगेवर धुणं धुताना भेटली. मला वाटलं, ती काही चांगलं बोलेल. मीच म्हणाले, “मामांनी फाटक उघडलं, न्हाईतर त्या दिवशी लय वाईट झालं असतं.”

तिनं पिळा झटकला. “उघडलं, खरं हाय. पण ज्वारी खाणारी म्हैस तुमचीच होती की. अर्धं पीक गेलं आमचं.”

मला राग आला. घरी येईपर्यंत राहिला नाही.

पुढं त्या पट्टीचे काही तुकडे पेरणाऱ्यांच्या नावावर झाले, काहींचे झालेच नाहीत, पण कुणी परत गुरं घातली नाहीत. बैलबाजार हळूहळू बंद पडला. काठच्या मातीवर वीटभट्ट्या आल्या, वाळूला ट्रक लागले, टरबुजाच्या वाड्या गेल्या. कोंडवाडा पाडून तिथं दुकानाचे गाळे झाले. आम्ही म्हैस विकली.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या थंडीत पुन्हा सगळं गाव श्वास रोखून होतं. रमण्यात पोलिसांचे तंबू पडले. काही झालं नाही. लोक आपापल्या दारात उभे राहून रेडिओ ऐकत होते. पोलिसांतला एक तरुण अधिकारी आमच्या ओट्यावर आला. मामा आता फार थकले होते, काठीशिवाय उठत नव्हते.

“बाबा, ही जागा कुणाची?” त्यानं विचारलं.

मामांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. तो हसून म्हणाला, “एवढं नको. ट्रक कुठं लावू, तेवढं सांगा.”

मामांनी काठीनं नदीकडं दाखवलं. “तिकडं खाली लावा. वरच्या अंगाला पेरलेलं हाय.”