थर्मामीटरच्या आधीचा चहा

“यांना रोज सकाळी ताप असतो का?” लातूरच्या डॉक्टरबाईंनी आमचा तक्ता पाहून विचारलं.

मी छाती फुगवून सांगितलं, “न्हाई मॅडम. मी स्वतः मोजतो ना. आधी अंथरुणातच गरम चहा देतो, मग थर्मामीटर तोंडात.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझी बायको सविता खिडकीकडे बघत हसू दाबत होती. महिनाभर मी तिचं नाही, चहाचं तापमान लिहीत होतो.

आम्ही नांदेडचे. तिथं दवाखान्यांची वाण नाही. पण पायरीवर कुणीतरी ओळखीचं भेटतंच, अन् संध्याकाळपर्यंत गल्लीला खबर. म्हणून एसटीनं लातूर. लग्न उशिरा झालेलं, सविता अडतिशीची. ‘ओव्ह्युलेशन’, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणं, तेच तिचं होत नव्हतं. मूल हवं तर आधी ते व्हायला हवं. त्यासाठी गोळ्या होत्या, आणि त्या लागू पडताहेत का हे घरी बघायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं.

बाईंनी पुन्हा समजावलं, “डोळे उघडले की आधी थर्मामीटर. उठायचं नाही, बोलायचं नाही. बीज सुटल्यावर तापमान किंचित चढतं, पण ते झाल्यावर कळतं. आधी कळायला लघवीची पट्टी. दुसरी रेघ पहिलीइतकी गडद हवी, फिकट धरायची नाही. आणि गोळ्या संपल्या की लगेच पट्टी लावू नका. काही गोळ्यांनी खोटी रेघ येते. कधी लावायची ते मी सांगते.” तुम्हीही या वाटेवर असाल तर एवढं आपल्या डॉक्टरांना नक्की विचारा. आणि नवऱ्याला चहापासून लांब ठेवा.

पुढच्या महिन्यात मी स्वयंपाकघरात चहा झाकून उभा राही. सविता तोंडात थर्मामीटर धरून बोटानंच विचारी, झाला का?

एका सकाळी दुसरी रेघ गडद आली. खरी-खोटी नोट बघावी तशी आम्ही ती पट्टी खिडकीपाशी धरून बघितली. मग तापमान चढलं. लातूरच्या सोनोग्राफीतही दिसलं, बीज सुटलंय. मी मनातल्या मनात बारशाचा मेनूसुद्धा ठरवला.

पंधरवड्यानं एका सकाळी तिनं थर्मामीटर माझ्या हातात दिलं. पारा उतरला होता. दुपारपर्यंत पाळी आलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप घेऊन दारातच थबकलो. आत जावं की नाही, कळेना. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. जरा वेळानं वळली. डोळे सुजलेले.

“असं काय बघून राहिलात?” ती म्हणाली. “या खेपेला बीज तर सुटलं ना? पुढच्या खेपेला पुन्हा जाऊ लातूरला. आज ते थर्मामीटर राहू द्या, अन् चहा आणा इकडं. महिना झाला, गरम मिळाला नाही मला.”