वरातीच्या पुढे नूर मास्तर

गोंडपिपरीत लग्न ठरलं की लोक आधी आचारी गाठत आणि मग नूर मोहम्मदला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, ओठाला क्लॅरिनेट. नूर मास्तरांची बँड पार्टी निघाली की माणसं जेवण सोडून दारात येत. मास्तर सगळ्यांच्या पुढे असत, पण रस्त्याकडे पाठ आणि बँडकडे तोंड करून. उलटे चालत, भुवयांनीच इशारे देत ते पार्टी वाजवत नेत. मागे खड्डा आला की ढोलवाला पत्रू एक जादा थाप हाणायचा, आणि मास्तर बरोब्बर पाय उचलून घ्यायचे.

साठी ओलांडली आणि उजवा गुडघा धरला. आधी नमाजाहून उठताना कळ यायची, मग चार पावलं टाकली तरी. पाय बाहेरच्या अंगाला वाकला. शेवटी पार्टीतल्या पोरांनी मास्तरांना उचलून बँडच्या ठेल्यात, दोन भोंग्यांच्या मधात खुर्ची टाकून बसवलं. तिथून काही दिसायचं नाही. भुवया उडवल्या तरी पाहणार कोण?

पत्रू एका वरातीनंतर जवळ येऊन बसला. "भाऊ, तुमी ठेल्यात बसल्यापासून हा ढोल मले भारी लागून राह्यला. मोठ्या दवाखान्यात दाखवा ना."

"तिथी गेलं का कापतेत," मास्तर म्हणाले.

पण बायकोपुढे, खैरुनपुढे, त्यांचं काही चाललं नाही. तिनं डबा बांधला आणि त्यांना घेऊन चंद्रपूरच्या गाडीत बसली.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची आतल्या बाजूची गादी झिजली आहे आणि सगळा भार तिथंच पडतो आहे. ऑपरेशनची घाई नाही. आधी भार पडायची जागा बदलून पाहू. त्यांनी मास्तरांना मोनालीकडे पाठवलं. ती तिथली फिजिओथेरपिस्ट. तिनं एका लांब पट्टीवर त्यांना चालवलं, चालण्याचं चित्रण केलं आणि पडद्यावर दाखवलं.

"हा कोन बदकावानी चालून राह्यला?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच, काका."

मास्तर आधी चपापले, मग असे हसले की बाहेर बसलेली खैरुन आत डोकावली.

मोनालीनं एक विचित्र बुटांचा जोड काढला. प्रत्येक तळव्याखाली रबराचे दोन फुगीर गोळे, एक टाचेखाली, एक पुढं. अर्धं कापलेलं संत्रं उपडं चिकटवावं तसे. स्क्रू ढिला करून ती गोळा जरासा सरकवायची, मास्तरांना चालवायची, पुन्हा सरकवायची. कितीतरी वेळ हेच चाललं. मग एका फेरीत मास्तर मधेच थांबले.

"काय झालं? दुखलं का?"

"नाई पोरी. माह्या गुडघ्यावर कोनीतरी बसलं होतं, ते आता उतरल्यासारखं वाटते."

मोनालीनं साफ सांगितलं, "झिजलेली गादी परत येणार नाही, काका. पण पाय भार वेगळा टाकायला शिकेल, दुखणं कमी होईल. बूट फक्त घरात घालायचे, रोज थोडा वेळ, घरातली कामं करत. हळूहळू वेळ वाढवू. आणि उलटं चालणं बंद!"

"घरातली कामं," हे दोन शब्द खैरुननं पक्के ध्यानात ठेवले.

दुसऱ्या दिवशी बूट चढवून मास्तर उठले, तर तिनं हातात ओल्या कपड्यांची बादली दिली. "अजी, दवाई समजा."

आयुष्यभर लोकांच्या लग्नात चाललेला माणूस आता स्वतःच्या घरात चालू लागला. मास्तर कपडे वाळत घालू लागले, माठ भरू लागले, कोंबड्यांना दाणे टाकू लागले. शेजारणी कुंपणावरून पाहून हसत. "म्हतारपनी उंच टाचा घातल्या का हो मास्तर?" मास्तर त्यांना सलाम ठोकत. खैरुन दिवसभर स्वतःशी गुणगुणते, हे त्यांना इतक्या वर्षांनी आता कळलं. तेही क्लॅरिनेट काढून तिच्या सुरात सूर मिसळू लागले. ती लाजून म्हणायची, "चूप बसा, भात करपते."

महिन्यांमागून महिने गेले. मोनाली अधूनमधून गोळे सरकवून द्यायची. मास्तर बाजारातून साध्या जोड्यांवर पायी येऊ लागले. बूट घरी असले तरी पाय शिकलेली चाल विसरत नव्हता.

उन्हाळ्यात पत्रूच्या मुलीचं, करिष्माचं लग्न निघालं. पत्रूच्या गोंड समाजात मुलीकडचेच वऱ्हाड घेऊन मुलाच्या गावी जातात. गाड्या जंगलातल्या फाट्यावर थांबल्या. तिथून पुढं मोहाच्या झाडांतून कच्चा रस्ता होता. पोरांनी ठेल्यात खुर्ची टाकली. मास्तरांनी हात देऊन खैरुनला ठेल्यात चढवलं. "तू बस. मी चालतो."

मास्तर सर्वांच्या पुढे उभे राहिले. उलटं चालायला मनाई होती, म्हणून जन्मात पहिल्यांदा ते बँडकडे पाठ करून निघाले. पोरं ताल सोडतील या धास्तीनं पहिली ओळ कापरी निघाली. पण मागून पत्रूचा ढोल घुमला, आणि पाठीला न दिसताही सगळं दिसू लागलं. समोर काय असतं ते तर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं! वळणावरून मुलाकडच्या बाया हात हातात गुंफून, रेलाची गोंडी नाचगाणी गात, त्यांच्याच दिशेनं नाचत येत होत्या.

मास्तरांनी वाजवतच मान हलवली आणि आपली धून त्यांच्या गाण्यात सोडून दिली. बायांनी गोल केला. करिष्मानं ठेल्याशी जाऊन खैरुनचा हात धरला, "चाल, मावशी!" खैरुन नाही नाही म्हणत उतरली आणि तिसऱ्या ठेक्याला सगळ्यांबरोबर वाकून पाऊल टाकू लागली.

मांडवाशी पोचल्यावर पत्रूनं ढोल खाली ठेवला नि मास्तरांना मिठी मारली. "गुडघा कसा हाय, भाऊ?"

"दुखून राह्यला थोडा," मास्तर घाम पुसत म्हणाले. "पन आता थांबू नोको. बाया अजून गाऊन राह्यल्या."