नंतर बघते

इंग्रजी क्रियापद एकटं असतं तोवर गरीब असतं. त्याच्या मागे अप, ऑफ, आफ्टर असलं काही लागलं की ते ओळखसुद्धा दाखवत नाही. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, तर ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे का नाही, हे मला बोरीच्या शाळेत कुणी समजावून सांगितलं नाही. मी आपली शब्दाला शब्द जोडून पास होत गेले, आणि याच जोडकामानं माझं जमत आलेलं लग्न मोडायला निघालं.

स्थळ पूर्णेचं होतं, मुलगा रेल्वेत नोकरीला. फोटोतच तो मला आवडला होता, पण हे घरात बोलायची सोय नव्हती. स्थळ आणणाऱ्या मामांनी आमचे नंबर एकमेकांना दिले आणि जाता जाता ‘पोरीचं इंग्रजी एकदम फर्डं’ अशी थाप मारून ठेवली. त्यामुळे त्याचा पहिलाच मेसेज इंग्रजीत आला. आज फोनवर बोलता येईल का, असं त्यानं विचारलं होतं. मी तेव्हा भाकरी थापत होते आणि तव्यावरची करपायला आली होती. ‘कामात आहे, नंतर बघते’ एवढंच मला कळवायचं होतं. बघणे म्हणजे लूक, नंतर म्हणजे आफ्टर. कुणाला बघायचं, तर तुम्हाला. पिठाच्या बोटानं मी पाठवून दिलं, “आय अ‍ॅम बिझी. आय विल लूक आफ्टर यू.”

दुसऱ्या दिवशी मामांचा वडिलांना फोन आला. “तुमच्या पोरीला कोनी सांगितलं, पोराला फिट येतेत म्हणून?”

झालं असं, की मुलाच्या बहिणीनं मेसेज बघितला आणि आईला अर्थ सांगितला, ‘मी तुम्हाला सांभाळीन.’ आई भडकली. नोकरीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून घेतलेला धडधाकट पोरगा, त्याला ही कशाला सांभाळणार? कुणीतरी आपल्या पोराची बदनामी करतंय, अशी तिची खात्रीच झाली.

वडिलांनी मला समोर बसवून एकेका शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला.

“मंग बरोबरच लिवलंस की,” ते म्हणाले.

रविवारी मुलगा, त्याची आई आणि मामा खुलासा मागायला आमच्या घरी आले. माझ्या आईनं मुरमुऱ्याचा गरम सुशीला पुढे ठेवला, पण कुणी बशीला हात लावेना. मुलगा खाली मान घालून बसला होता. मी त्याच्या आईला लूक आणि आफ्टर यांची फोड करून सांगितली, अगदी फळ्यापुढे उभी असल्यासारखी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी आमच्या पोराला नंतर बघनार,” त्या म्हणाल्या. “मंग आदी कोनाला बघायलीस?”

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं सगळं एकदम तोंडावर आलं.

“कोनालाच न्हाई. दुसरं कोनी बघायचंच न्हाई मला. मला हेच पसंत हायत.”

आमच्याकडे पसंती मुलाकडचे कळवतात, तीही चार दिवस ताटकळत ठेवून. मामा खोकले. वडील छताकडे बघू लागले. आता मोडलंच, असं वाटून मला रडू यायला लागलं.

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला, तेही माझ्याकडे न बघता.

“आई, त्यो मेसेज चुकलाय हे मला तवाच कळालं व्हतं. पन खरा असावा असं लय वाटायलं व्हतं.”