बाई आणि हरवलेल्या आत्या

पहिल्या भेटीत माणसं हवापाण्याचं बोलतात. बाईंनी मला विचारलं, "तुमच्या आजीची किती मुलं लहानपणी दगावली?" तेही गणपतीच्या आरतीनंतर, माझ्या तोंडात अख्खा मोदक असताना! मी तीन बोटं वर केली. बाईंचा चेहरा उजळला. "आणि लग्न कितव्या वर्षी झालं त्यांचं?"

बाई लोकसंख्येच्या अभ्यासक. मूळ पुण्याच्या, इथे सिंगापुरात तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या. कधीकाळी हॉलंडहून दक्षिण आफ्रिकेत जाऊन वसलेल्या कुटुंबांच्या वंशावळी त्या गोळा करत आणि त्यांवरून त्या लोकांची लग्नं, बाळंतपणं, आयुर्मान यांचा हिशेब मांडत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी म्हणजे इथली कॉफी पिताना अशा बोलत, की जणू परवाच त्यांच्याकडे जेवून आल्यात. "ही योहाना म्हणजे कमाल! तेरा बाळंतपणं, दोन नवरे पोचवले आणि स्वतः ठणठणीत!" कुणाच्या मृत्यूची नोंद नसली, की शेजारची खुर्ची ओढून म्हणत, "हे महाशय अजून हयात आहेत. बसू द्या त्यांना." माझी मुलगी रिकाम्या खुर्चीपासून दूर सरकत ओरडे, "आंटी, डोन्ट लाइक दॅट लाह!"

पण बाईंचा जीव अडकला होता तो बिनलग्नाच्या आत्यांमध्ये. "अहो, वंशावळ लिहितं कोण? वंशजच ना? मग जिला मूलच नाही, तिचं नाव लिहायला कोण बसलंय? नुसत्या वंशावळी वाचल्या तर वाटेल, तिकडे सगळेच लेकुरवाळे होते!" अशी एखादी आत्या कुणा भाच्याच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून सापडली, की बाई आमच्याकडे पेढे घेऊन हजर.

रविवारी आम्ही पाया लेबारच्या मॉलला निघालो, की त्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सोबत येत आणि तिथूनच उलट्या गाडीनं घरी जात. "मला काही घ्यायचं नाहीये," म्हणत. "तेवढ्याच गप्पा."

मग बाईंच्या नोकरीचा करार संपला आणि त्याबरोबर सिंगापुरात राहायचा पासही. "पुण्यात कोण आहे तुमचं?" माझ्या बायकोनं विचारलं.

"फ्लॅट आहे," बाई म्हणाल्या.

बाई पुण्याला परतल्यावर दर रविवारी मी फोन करायचो. एका रविवारी त्यांचा फोन परक्या आवाजानं उचलला. ते शेजारी होते. बाई घरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन लगेच करायला हवं होतं आणि हॉस्पिटलला सहीसाठी नातेवाईक हवा होता. "आपण कोण त्यांचे?"

एरवी मी बोलायला लागलो की समोरच्याला दम घ्यायची सोय नसते. तेव्हा मात्र दोनच शब्द निघाले.

"भाचा," मी म्हणालो. "सख्खा."

"सुटलो बुवा! आम्हाला वाटलं, यांना कुणीच नाही."

मिळालं त्या विमानानं पुण्याला पोचलो. पुढं बाई वर्षभरही राहिल्या नाहीत, पण मला आठवते ती हॉस्पिटलमधली सकाळ. पांढऱ्या चादरीत त्या एवढ्याशा दिसत होत्या. नर्स मोठ्यानं म्हणाली, "आजी, तुमचा भाचा आलाय सिंगापूरहून!"

बाईंनी डोळे उघडले. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कुठल्या बहिणीचा?"

नर्सचं पेन हवेतच थांबलं. बाईंना बहीण नव्हती, भाऊही नव्हता. मी छताकडे बघू लागलो.

मग बाई डोळे मिटून नर्सला म्हणाल्या, "धाकटीचा आहे. करू दे त्याला सही."